गावाला जाताना नळांचा बंदोबस्त

गावाला जाण्यापूर्वी नळांचा बंदोबस्त करणे म्हणजे बाहेरचे पाणी घरात येऊ न देणे, घरातले पाणी नको तिथे जाऊ न देणे आणि एकदा घराबाहेर गेलेले पाणी त्याच्या वासासह व झुरळांसह परत येऊ न देणे. व्याख्या एवढीच. पनवेलमध्ये तिला चौथे कलम जोडावे लागते: जे पाणी अजून आलेलेच नाही, त्याच्यावर सर्वांत जास्त नजर ठेवणे.

थंड देशांत या विषयावर जी पुस्तके निघतात त्यांत अर्धी पाने गोठण्यावर खर्च झालेली असतात. पाण्याचा बर्फ झाला की त्याचे आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढते आणि पाइप फुटतो. म्हणून न्यू जर्सीतला मुलगा डिसेंबरात पनवेलला यायला निघतो तेव्हा रिकामे घर १३ अंशांवर गरम ठेवतो आणि शेजारी तयार असेल तर कडाक्याच्या रात्री एक नळ बारीक ठिबकता ठेवायला सांगून येतो. हे ऐकून पनवेलची आई जेवणाचे ताट पुढे सरकवायची थांबते. “मुद्दाम ठिबकता?” सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या नळातून दिवसाला चार लिटरांहून थोडे अधिक पाणी जाते. दहा दिवसांत दोन मोठ्या बादल्या. हा हिशेब आईने कधी कागदावर मांडलेला नसतो, पण दोन बादल्या हे उत्तर तिला तोंडपाठ असते. पनवेलची थंडी जानेवारीतल्या चार पहाटांपुरती आणि कपाटातल्या एका स्वेटरापुरती असल्यामुळे गोठण्याचे प्रकरण इथे वगळता येते.

पनवेलचे पाणी कुठून येते हे माहीत असल्याशिवाय ते कधी येईल याचा अंदाज करता येत नाही, आणि माहीत असले तरी करता येत नाही. गावाला नगरपालिका आली ती १८५२ साली. जुन्या गावाला वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, इस्रायल अशी तळी होती आणि वाड्यांना विहिरी होत्या. गावाला जाताना विहिरीचा काही बंदोबस्त करावा लागत नसे. माणूस काशीला जाऊन आला तरी पाणी विहिरीतच सापडे. नळाच्या पाण्याबद्दल अशी खात्री देता येत नाही. माथेरानच्या डोंगरातून उतरणाऱ्या गाढी नदीवरचे देहरंग धरण हे गावाचे स्वतःचे धरण, पण एप्रिल-मे आला की त्याचा तळ दिसू लागतो आणि शहरात ‘दिवसाआड पाणी’ हे शब्द ऐकू येतात. सिडकोच्या वसाहतींना पेणकडच्या हेटवणे धरणाचे पाणी मिळते, आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाताळगंगेचे पाणी आणते. पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते, कारण लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीच्या टाटा वीजगृहात वीज तयार करून खाली नदीत उतरते. म्हणजे पनवेलकर सुट्टीला लोणावळ्याला जातो त्याच सुमारास लोणावळ्याचे पाणी त्याच्या घरी पनवेलला आलेले असते. दोघांची घाटात चुकामूक होते. फरक एवढाच की पाण्याला चावी लागत नाही.

आता चौथ्या कलमाकडे. पनवेलमध्ये पाणी घरात असत नाही, ते येते आणि जाते. त्याला क्रियापदही पाहुण्याचेच लागते: ‘पाणी आलं’, ‘पाणी गेलं’, ‘आज येणार नाही म्हणे’. जुन्या घरांत रस्त्यावरची लाइन थेट नळापर्यंत येते. सोसायट्यांत पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडते, तिथून पंपाने गच्चीवर चढते आणि तिथून कमिटीच्या मर्जीने घरोघर उतरते. उन्हाळ्यात ही मर्जी सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर असते. एरवी कोणी नळ उघडला तर तो फुस्स करतो, दोन थेंब टाकतो आणि गप्प बसतो. उघडणारा ‘गेलं वाटतं’ असे म्हणून निघून जातो. नळ तसाच राहतो. पाणी नसताना उघडा नळ आणि बंद नळ दिसायला अगदी सारखे असतात. पिळाच्या जुन्या नळाकडे नुसते पाहून तो कोणत्या अवस्थेत आहे हे प्लंबरलाही सांगता येत नाही. विजेचे बटण निदान वर किंवा खाली तरी दिसते.

म्हणून बंद घरात पूर येतो तो फुटक्या पाइपातून क्वचित. बहुधा तो एखाद्या चांगल्या, धडधाकट, कोरड्या नळातून येतो. पाणी नव्हते म्हणून पूर आला, हे वाक्य परगावच्या माणसाला कोड्यासारखे वाटते. पनवेलमध्ये ते सोसायटीच्या इतिवृत्तात नोंदवता येते.

पुराचा वेग काढणे अवघड नाही. अर्ध्या इंचाचा नळ पूर्ण उघडा असेल आणि दाब बरा असेल तर मिनिटाला दहाएक लिटर पाणी पडते. न्हाणीघर पाच बाय आठ फुटांचे असेल आणि त्याची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा दोन इंच खाली असेल, तर उंबऱ्यापर्यंत त्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते. मोरीची जाळी केसांच्या गुंत्याने आणि साबणाच्या कागदाने बुजलेली असली, आणि ती असतेच, की हे १९ मिनिटांचे काम. तेवढ्यात पनवेलहून सुटलेली कोकणातली गाडी धड आपट्यालाही पोहोचलेली नसते. विसाव्या मिनिटाला पाणी उंबरा ओलांडते, सोफ्याखाली जाते आणि दोन वर्षे हरवलेले बाटलीचे झाकण, एक पेन्सिल व बरीचशी धूळ घेऊन दरवाजाकडे निघते. हजार लिटरची टाकी पावणेदोन तासांच्या आत संपते. टाकी सोसायटीची असेल तर तिच्यात इतर सभासदांचाही वाटा असतो, आणि तो ते पुढच्या सर्वसाधारण सभेत मागतात. घटनेची पहिली बातमी मात्र खालच्या मजल्याला कळते. तिथे पीओपीच्या छतावर चहाच्या रंगाचा डाग उमटतो आणि रोज थोडा वाढतो. खालचे आजोबा त्याला पहिल्या दिवशी लिंबाएवढा म्हणतात, तिसऱ्या दिवशी रायगड जिल्ह्याएवढा.

पनवेलकर बाहेर पडतो ते मुख्यतः दोन वेळा, मे महिन्यात आणि गणपतीला. मेमध्ये पाणी कमी म्हणून नळ कोरडे असतात. गणपतीत बाहेर धो धो पाऊस असतो, पण नळाला पाणी येण्याची वेळ आणि गाडी गाठण्याची वेळ यांचे जुने वैर असल्यामुळे निघताना नळ पुन्हा कोरडेच सापडतात. मांडवी एक्स्प्रेस सकाळची, तुतारी एक्स्प्रेस मध्यरात्र उलटल्यावरची. मध्यरात्री नळाला पाणी नसते आणि तेव्हाच ते बंद आहेत की नाहीत हे ठरवायचे असते. साधारण साडेबारा वाजलेले. खाली रिक्षा फुरफुरत उभी, मखराचा पुठ्ठा जिन्यात आडवा, धाकट्याने बूट उलटे घातलेले, आणि दाराशी असा संवाद:

“अहो, मोरीतला नळ बघितलात?”

“बघितला.”

“बघितला म्हणजे, बंद केलात?”

“बंदच होता.”

“पाणी नाही म्हणून बंद वाटला असेल.”

या शेवटच्या वाक्याला उत्तर नसते. गृहस्थ बूट काढतात, पुन्हा आत जातात, अंधारात नळ पिळतात. तो पाऊण आटा फिरतो. गृहस्थ बाहेर येतात, बूट घालतात आणि म्हणतात, “सांगितलं ना, बंदच होता.”

या सगळ्यावर खरा उपाय एकच, घराचा मुख्य कॉक बंद करणे. तो कुठे आहे हे शोधणे ही पहिली पायरी. काही घरांत तो न्हाणीघराच्या माळ्याखाली असतो, काही घरांत डक्टच्या खिडकीबाहेर हात घालून चाचपावा लागतो, आणि काही इमारतींत तो गच्चीवर टाकीजवळ चार-पाच सारख्याच कॉकच्या रांगेत उभा असतो. तिथे आपला समजून शेजाऱ्याचा बंद करण्याचे प्रमाण बरेच आहे. घराचा ताबा घेताना बिल्डरच्या माणसाने तो एकदा दाखवलेला असतो. त्यानंतर त्याच्यापुढे बादली येते, मग पिंप, मग जुने लोखंडी स्टूल, आणि शेवटी तिथे कॉक होता ही केवळ आठवण उरते.

हा कॉक दोन जातींचा असतो. जुना पितळी गेट व्हॉल्व्ह गोल चक्रीचा. वर्षानुवर्षे न फिरवल्यास त्याच्यात क्षार बसतात आणि तो आहे त्या स्थितीत समाधी लावतो. निघण्याच्या रात्री त्याला जोर लावला की चक्री हातात येते, किंवा ती फिरते आणि दांड्याभोवतीच्या नटातून पाणी झिरपू लागते, म्हणजे गळती थांबवायला गेलेल्या माणसाला नवी गळती मिळते. यासाठी तो आठ दिवस आधी, दिवसा, दुकाने उघडी असताना फिरवून पाहावा. दुसरी जात बॉल व्हॉल्व्हची. त्याला लांब दांडी असते. दांडी पाइपाच्या दिशेने असली की उघडा, पाइपाला आडवी असली की बंद, पाणी असो वा नसो. संपूर्ण प्लंबिंगमध्ये इतकी सरळ बोलणारी वस्तू दुसरी नाही. कॉक बदलायची वेळ आलीच तर हीच जात घ्यावी.

कॉक बदलायचा म्हणजे प्लंबर आला, किंवा अधिक नेमके सांगायचे तर, येणार. “निघालोच आहे, उरण नाक्यावर आहे,” असे तो फोनवर सांगतो आणि पुढचे दोन दिवस उरण नाक्यावरच असतो. आल्यावर पिशवीतून पाना, हॅक्सॉ, टेफ्लॉन टेप, वायसरांची पुडी आणि सोल्युशनची डबी निघते. जुन्या कारागिराच्या पिशवीत अजूनही सुतळी आणि सफेदा असतो, आणि लोखंडी पाइपाच्या आट्यांवर त्याने भरलेला जोड टेपवाल्या जोडाच्या नाकावर टिच्चून टिकतो. पिशवी उघडल्यावर प्लंबर कॉककडे बघून पहिला प्रश्न विचारतो, “हे कोणी बसवलंय?” तो त्यानेच बसवलेला असला तरी प्रश्न हाच असतो आणि त्यातली तुच्छताही तेवढीच.

मुख्य कॉक बंद झाला की आतल्या नळांचे महत्त्व कमी होते, संपत नाही. कॉक पूर्ण बसतोच असे नाही, आणि आतल्या पाइपांत उरलेले पाणीही कुठे तरी जायचे असतेच. स्वयंपाकघरात ओट्याचा नळ आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचा छोटा कॉक, दोन्ही बंद करावेत. यंत्राने नाकारलेले पाणी ज्या बारीक नळीतून सिंकमध्ये पडते ती नळी सिंकमध्येच आहे ना हे पाहावे. ती निसटून ओट्यावर आली तर पहिला बळी गव्हाच्या पिठाची पिशवी. वॉशिंग मशीन बंद असले तरी भिंतीवरच्या नळापासून मशीनपर्यंतचा पाइप चोवीस तास दाबाखाली असतो, म्हणून तो नळही बंद. हेच कमोडच्या टाकीला आणि बेसिनला जोडणाऱ्या जाळीच्या कनेक्शन पाइपांचे. बाहेरून चकचकीत दिसणारी ही जाळी आतल्या रबराचे वय कळू देत नाही. त्यांच्या तळाशी असलेले अँगल कॉक बंद करायचे असतात, पण ते भिंतीलगत इतक्या अडचणीत बसवलेले असतात की त्यासाठी कमोडला मिठी मारण्यावाचून इलाज नसतो. गिझरचे बटण बंद करावे. ते विजेचे काम की पाण्याचे, हा वाद परत आल्यावर करता येतो.

फ्लशच्या टाकीतून पाणी गुपचूप गळत असेल तर ते ऐकू येत नाही, दिसत नाही, फक्त टाकी भरत राहते. ते पकडायला एक सोपी युक्ती आहे. टाकीत खाण्याचा रंग थोडा टाकावा आणि अर्धा तास फ्लश करू नये. खाली भांड्यात केशरी पाणी दिसले तर आतले रबर गेले. हा प्रयोग घरातल्या मुलांना अतोनात आवडतो आणि पुढे पाहुणे आल्यावर, कोणालाही न सांगता, पुन्हा केला जातो.

नळ झाले. आता भोके. घराला पाणी आत आणणारी तोंडे असतात तशी पाणी बाहेर नेणारीही असतात, आणि त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मोरीच्या जाळीखाली, बेसिनच्या खाली, कमोडच्या पोटात पाइपाला एक बाक दिलेला असतो. त्या बाकात सुमारे ५० मिलिमीटर उंचीचे पाणी नेहमी साठून राहते. गटाराची हवा आणि घराची हवा यांच्यामध्ये असलेली भिंत ती एवढीच, दोन इंच पाण्याची. असा बाक देण्याचे पेटंट १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग याने घेतले. तो लंडनमधला घड्याळजी होता. त्यानंतर घड्याळाचा आणि प्लंबिंगचा संबंध आलेला नाही.

घर उघडे असते तेव्हा हे पाणी रोज बदलते. घर बंद झाले की ते हळूहळू उडते. पावसाळ्यात पनवेलची हवाच इतकी ओली असते की फारसे काही बिघडत नाही. मेमध्ये मात्र, बाक उथळ असेल आणि मुक्काम लांबला, तर भिंत पडते. आधी वास येतो. मग झुरळे येतात. त्यांना वाटते, बोलावले आहे. सर्वांत आधी आटते ती पाहुण्यांच्या न्हाणीघरातली जाळी, कारण पाहुणे फेब्रुवारीनंतर आलेले नसतात. निघताना शेवटचे काम म्हणून प्रत्येक जाळीत एक तांब्या पाणी ओतावे आणि त्यावर चमचाभर तेल सोडावे. तेल वर तरंगते आणि खालचे पाणी उडू देत नाही. कोणते तेल, यावर घरात मतभेद होतात. खोबरेल मेमध्ये पातळ राहते, पण २४ अंशांच्या खाली थिजते, तेव्हा नाताळच्या सुट्टीला ते चालेल का असा आक्षेप येतो. गोडे तेल गटारात ओतायला आजीचा जीव होत नाही. बहुतेक घरांत शेवटी भजी तळून उरलेले तेल पुढे येते आणि निघायच्या दिवशी भजी का केली होती याचा खुलासा होतो. जाळीवर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून वर वजन ठेवले की काम पुरे. वजन म्हणून वरवंटा उत्तम. मिक्सर आल्यापासून त्याला दुसरे काम उरलेले नाही.

साठवलेल्या पाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तो पाण्याचा नसून मनाचा आहे. पनवेलच्या घरात एका वेळी एक पिंप, दोन कळशा, तीन-चार बादल्या, फिल्टरची टाकी, पाण्याच्या बाटल्या आणि देवघरातला तांब्या एवढे पाणी भरलेले असते. शास्त्र सांगते, निघताना सगळे रिकामे करावे. दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात, पहाटे उठून हाताने भरलेले पिंप ओतून देणे हे शास्त्र कोणाला सांगायचे? एरवी ‘शिळं पाणी’ म्हणून कालची कळशी झाडांना घालणारी बाईसुद्धा निघताना म्हणते, “राहू दे, आल्याबरोबर हातपाय धुवायला होईल.” आल्यावर नळाला पाणी नसेल ही तिची अटकळ बहुधा खरी ठरते, म्हणून तिच्याशी वाद घालू नये.

पण एडिस जातीच्या डासाला हे पिंप आवडते. तो स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि डेंगी पसरवतो. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य खाते सांगते ते याच हिशेबाने. त्यामुळे दीड दिवसाच्या गणपतीला जाऊन येणाऱ्यांना काळजी नाही. पाच दिवसांच्या गणपतीवाल्यांच्या पिंपात नुसत्या अळ्या वळवळत असतात. अनंत चतुर्दशी उरकून येणाऱ्यांच्या स्वागताला मात्र पूर्ण वाढलेली मंडळी दारात हजर असतात. पिंप ठेवायचेच असेल तर त्यावर घट्ट कापड बांधावे, वर झाकण ठेवावे. रिकामे करायचे असेल तर आतून घासावे, कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. पिंपाहून धोकादायक असतात त्या लक्षात न येणाऱ्या जागा: फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, कूलरचा तळ, एसीच्या नळीखालची बादली, आणि टीव्हीशेजारी दारूच्या बाटलीत लावलेला मनीप्लांट. ही बाटली कोणी आणली याबद्दल घरात कोणालाच माहिती नसते.

कुंड्यांच्या बशा कोरड्या करायच्या तर झाडांचे काय? वैशाखात तुळशीवर आणि शिवाच्या पिंडीवर बारीक भोकाचे भांडे टांगतात आणि त्यातून थेंब थेंब पाणी पडत राहते. त्याला गळतीच म्हणतात. तेव्हा घरातल्या सर्व गळत्या बंद करून झाल्यावर गॅलरीत एक गळती स्वतःच्या हाताने सुरू करावी लागते. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडून ती तुळशीत उलटी खोचली तरी चालते. भोक मोठे झाले तर तुळशीला पहिल्या दिवशी पूर येतो आणि उरलेले नऊ दिवस दुष्काळ. या बाबतीत ती बाकीच्या पनवेलसारखीच.

मुख्य कॉक गच्चीवर असेल, किंवा कोणतीही शंका असेल, तर एक चावी शेजारी द्यावी. शेजारच्या काकूंना कॉक कुठे आहे ते प्रत्यक्ष दाखवावे. “माळ्याखाली, पिंपाच्या मागे, उजवीकडे” असे तोंडी सांगितल्यास त्या मान हलवतात आणि नंतर फोन करतात. काकूंना दोन कामे सांगावीत, तुळशीची बाटली भरणे आणि एकदा दार उघडून आत पाणी दिसते का ते पाहणे. त्या स्वतःहून आणखी सहा कामे करतात, त्यांत कपाटातल्या डब्यांची फेरमांडणी येते. तेवढे चालवून घ्यावे. पीओपीच्या खर्चापेक्षा ते स्वस्त पडते.

नळांचे फोटो काढून ठेवण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. बॉल व्हॉल्व्हचा फोटो उपयोगी पडतो. पिळाच्या नळाचा फोटो म्हणजे नळाचा फोटो, एवढेच. तरीही गाडी पेणला पोहोचण्याच्या आत तो दोनदा मोठा करून पाहिला जातो. शंका यायची जागा जवळजवळ ठरलेली आहे. रस्त्याने जाणाऱ्यांना ती पळस्प्याला येत नाही, कर्नाळ्याला माकडांमुळे येत नाही, खारपाड्याच्या पुलावर येते. खाली पाताळगंगा दिसते. इतके पाणी एकदम पाहिल्यावर कोणीतरी मागच्या सीटवरून विचारते, “गॅलरीतल्या नळाला हात लावला होता का कोणी?” गाडीत शांतता पसरते. पूल संपतो. गॅलरीत नळ आहे हेच निम्म्या लोकांना तेव्हा आठवते. मग काकूंना फोन. काकू वामकुक्षीतून उठून जातात, पाहतात आणि सांगतात, “बंद आहे गं.” त्यांनाही पाणी नसतानाच दिसलेले असते.

परतल्यावर क्रम उलटा. आधी खिडक्या, मग जाळीवरचे वरवंटे, मग प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी, ते पिंपातले. आता पिंप ठेवणारीला बोलायची संधी असते आणि ती घेते. मुख्य कॉक एकदम न उघडता हळूहळू उघडावा, कारण रिकाम्या पाइपांतली हवा जोरात सुटली तर जोड हलतात. उघडल्यावर आतले नळ एकेक करून सोडावेत. ते आधी खोकतात, मग खाकरतात, मग तांबूस पाणी थुंकतात, आणि थोड्या वेळाने माणसात येतात. पाइपांत दहा दिवस पडून राहिलेल्या पाण्यातला क्लोरिनचा अंश गेलेला असतो, म्हणून पहिले पाणी पिऊ नये, वाहू द्यावे. गरम पाण्याच्या नळाला नीट धार लागल्याशिवाय गिझर लावू नये. आणलेले खाजे आणि आमसुले काकूंकडे पोचवावीत. चावी परत मागण्याची पद्धत नाही.

हे सर्व पाणी असेल तर. रात्री अकराला, बॅगा दारातच टाकून, गृहस्थ कॉक उघडतात. मोरीतला नळ सोडतात, फुस्स. बेसिनचा, फुस्स. ओट्यावरचा, दोन थेंब. “पाणी नाहीये,” ते आतून सांगतात. “उद्याचा वार आपला,” बाहेरून उत्तर येते. प्रवासाने सगळ्यांचे डोळे मिटू लागलेले असतात. कोणी गादी टाकतो, कोणी दिवा मालवतो. पहाटे पाचच्या सुमारास खाली पंप सुरू होतो.